बर्न्स नाइट कुठे करायची: हॉटेलात, हॉलमध्ये की घरीच?

संक्रांतीचा तिळगूळ संपत आला की आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न यायला लागतात, बर्न्स नाइटला जायचं तर कुठे, मुलं चालतात का, हॅगिसमध्ये नक्की काय असतं, शाकाहारी माणसाने तिथे जाऊन करायचं काय, आणि व्हिस्की पीत नसलो तर जाण्यात अर्थ आहे का. मी अकरा वर्षं एडिनबरात राहतेय आणि ही संध्याकाळ तिन्ही प्रकारांनी करून झालीये, हॉटेलातलं साग्रसंगीत जेवण, चर्चच्या हॉलमधला नाचगाण्याचा कार्यक्रम, आणि आमच्याच फ्लॅटमध्ये बारा माणसं बसवून घरी केलेलं सपर, म्हणजे रात्रीचं जेवण. तिन्ही चांगले आहेत पण तिन्ही सगळ्यांसाठी नाहीत, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा सगळ्यात लाडका कवी, २५ जानेवारी १७५९ ला एअरशायरमधल्या अ‍ॅलोवे गावात जन्मला, शेतकऱ्याचा मुलगा, स्वतःही शेतीच केली, आणि लिहिलं ते मुख्यतः गावच्या स्कॉट्स बोलीत. पहिलं पुस्तक १७८६ मध्ये किलमारनॉकला छापलं, फक्त ६१२ प्रती. नंतर पोट भरायला एक्साइज खात्यात नोकरी धरली, म्हणजे ज्या माणसाच्या नावाने आज जगभर व्हिस्कीचे ग्लास उचलले जातात तो दारूवरचा कर वसूल करत फिरायचा. १७९६ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी गेला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८०१ च्या जुलैमध्ये, नऊ मित्र त्याच्या जन्मघरी जमले, हॅगिस, म्हणजे मेंढीच्या आतल्या अवयवांचा ओट्स घातलेला मसालेदार पदार्थ, आणि मेंढीची मुंडी खाल्ली, त्याच्या कविता म्हटल्या. हेच पहिलं बर्न्स सपर. पुढे ते पुण्यतिथीवरून वाढदिवसावर आलं आणि जानेवारीतलं झालं, तीच ही बर्न्स नाइट.

हे नऊ जण लक्षात ठेवा, कारण माझं सगळं मत त्यावरच उभं आहे. ही संध्याकाळ मुळात ओळखीच्या माणसांनी जेवून कविता म्हणायची आहे, त्यामुळे व्हिस्की किती महागडी होती यापेक्षा कविता तुमच्या कानापर्यंत पोचली का, आणि तुम्हाला त्यात काही करायला मिळालं का, यावरून मी जागा ठरवते.

एक प्रश्न हमखास येतो तो आधीच निकालात काढते, बर्न्स नाइटऐवजी ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे किंवा ३१ डिसेंबरचा हॉगमनी का नको. सेंट अँड्र्यूज डेला २००७ च्या कायद्याने बँक हॉलिडेचा दर्जा आहे पण सुट्टी सगळे देत नाहीत, आणि त्या दिवसाचा जेवणाचा असा ठरलेला विधी नाही. हॉगमनी मोठा आहे, फार मोठा, इथे ख्रिसमसची सरकारी सुट्टीच १९५८ मध्ये सुरू झाली, तोवर खरा सण हाच होता. पण एडिनबराच्या रस्त्यावरच्या पार्टीत थंडी, गर्दी आणि हवेचा भरवसा नाही, २०२४ च्या शेवटी तर वादळी हवेमुळे बाहेरचे कार्यक्रम ऐनवेळी रद्द करावे लागले, लांबून तिकिटं काढून आलेले लोक हॉटेलात बसून राहिले. ज्याला जेवण, गाणी, व्हिस्की आणि रीतभात सगळं एका छपराखाली हवंय त्याने बर्न्स सपरच धरावं. आणि ते २५ लाच व्हायला हवं असं नाही, जानेवारीच्या मधल्या आठवड्यांपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालू असतात. २०२७ ला २५ जानेवारी सोमवारी येतेय, म्हणजे बहुतेक कार्यक्रम आधीच्या किंवा नंतरच्या शनिवारी असणार, सोमवार पाळणाऱ्यांचीही सोय झाली.

हॉटेलातलं सपर

इथे सगळं क्रमाने होतं आणि तो क्रम एकदा तरी पूर्ण बघावा असा आहे. बॅगपाइप वाजवत पाहुण्यांचं स्वागत, मग सेल्कर्क ग्रेस नावाची चार ओळींची प्रार्थना, मग सूप. सूपनंतर सगळे उभे राहतात आणि हॅगिस चक्क वाजतगाजत येतो, पुढे पाइपर, मागे ताट उचललेला शेफ, आपल्याकडे पालखी यावी तसा, लोक टाळ्यांचा ताल धरतात. मग एक जण हॅगिसला उद्देशून बर्न्सने लिहिलेली आठ कडव्यांची कविता म्हणतो. यात फ्रेंच रागू आणि फ्रिकासी खाणाऱ्यांना नावं ठेवून गावच्या हॅगिसचे गोडवे गायलेत, आणि तिसऱ्या कडव्याला म्हणणारा सुरी पुसून खचकन हॅगिसमध्ये खुपसतो, आतून वाफ बाहेर येते, सगळा हॉल ओरडतो. चांगला म्हणणारा असेल तर एक शब्द कळला नाही तरी अंगावर काटा येतो, आणि या बाबतीत हॉटेलातला माणूस सरस असतो, कारण तो वर्षानुवर्षं तेच करत आलेला असतो.

जेवणानंतर भाषणं. ‘इमॉर्टल मेमरी’ हे बर्न्सच्या आयुष्यावरचं मुख्य भाषण, वीस-पंचवीस मिनिटं सहज चालतं. मग ‘टोस्ट टु द लॅसीज’, म्हणजे पुरुषांच्या बाजूने बायकांवर थोडं चिडवणारं थोडं कौतुकाचं बोलणं, आणि त्याला बाईकडून उत्तर. हा भाग मला फार आवडतो कारण हे सरळसरळ सवाल-जवाब आहेत, आणि उत्तर देणारी तयारीची असली तर टोस्ट करणाऱ्याची पार भंबेरी उडते. काही जुन्या क्लबांमध्ये या जेवणाला बराच काळ फक्त पुरुषच असायचे हे लक्षात घेतलं तर त्या उत्तराला अजून मजा येते.

आता अडचणी. तिकीट हॉलमधल्या कार्यक्रमाच्या दुप्पट-तिप्पट सहज असतं आणि त्यात व्हिस्की किती धरलीय ते नीट वाचावं लागतं, बऱ्याचदा हॅगिसच्या टोस्टचा एक पेग धरलेला असतो, बाकीचे तुमच्या खिशातून. दहा जणांच्या गोल टेबलावर तुम्ही दोघं आणि आठ अनोळखी माणसं. स्कॉट्स बोलीतले विनोद नवीन माणसाला कळत नाहीत, इंग्लंडमधून आलेल्यांनाही सगळे कळत नाहीत, त्यामुळे त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण दोन तास तसंच बसणं जड जातं. मुलांसाठी तर नाहीच. आणि शाकाहारी जेवणाचं लेखी घ्या. आम्ही एका हॉटेलात गेलो होतो तिथे मैत्रिणीने बुकिंग करताना सांगूनसुद्धा तिच्यापुढे नुसता उकडलेला बटाटा आणि नीप्स नावाचा कंद आला, हॅगिसच्या जागी काहीच नाही, आणि त्या सगळ्या वाजंत्री-कवितेनंतर रिकाम्या ताटाकडे बघत बसलेली ती मला अजून आठवते. दोन दिवस आधी ईमेल करून ‘शाकाहारी हॅगिस आहे’ एवढं वाक्य उत्तरात लिहून घ्या.

आईवडील भारतातून आलेत, एकदाच येणारेत आणि त्यांना सगळं थाटात दाखवायचंय, किंवा तुम्हाला स्वतःला कवितेत रस आहे, तर हॉटेल घ्या.

हॉलमधली केयली

केयली म्हणजे गाणी-नाच-गप्पांची गावातली संध्याकाळ, आता शहरातही शाळांच्या, चर्चच्या, कम्युनिटीच्या हॉलमध्ये होते. जानेवारीत यालाच बर्न्स जोडतात, आधी सूप, हॅगिस, कविता, मग टेबलं भिंतीला लावून नाच. अकॉर्डियन, फिडल, ड्रम, आणि एक कॉलर असतो जो प्रत्येक नाच आधी चालवून दाखवतो, मग संगीत सुरू झाल्यावरही पुढची पायरी ओरडून सांगत राहतो. म्हणजे येत नसलं तरी चालतं, आणि हे नुसतं सांगायला नाही, खरंच चालतं. गे गॉर्डन्सने सुरुवात होते, तो जोडीने चालत-वळत करायचा सोपा प्रकार, डॅशिंग व्हाइट सार्जंटमध्ये तिघातिघांचे गट समोरासमोर येतात आणि दर फेरीला नवीन तिघं भेटतात, स्ट्रिप द विलोमध्ये रांगेतल्या एकेकाच्या हातात हात अडकवून गरगर फिरत खाली जायचं असतं. दांडिया किंवा फुगडी खेळलेल्या माणसाला हे तंत्र पहिल्या दोन मिनिटांत उमजतं, जोर किती लावायचा आणि कुणाचा हात कधी सोडायचा हे अंगातच असतं.

मला विचाराल तर नवीन आलेल्या माणसाने पहिलं वर्ष इथेच घालवावं. कारण सोपं आहे, इथे कुणी प्रेक्षक नसतो. माझ्या पहिल्या केयलीला सत्तरीच्या एका आजोबांनी हात धरून मला नाचायला नेलं, नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पुढच्या तीन नाचांत हॉलमधली निम्मी माणसं ओळखीची झाली होती. तोवर वर्षभर इथे राहून मला शेजाऱ्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. किल्ट भाड्याने मिळतो, सोबत कमरेला लटकणारा स्पोरन, मोजे, लेसवाले ब्रोग बूट, सगळा सेट मिळतो, पण जानेवारीत उशिरा विचारलं तर मापाचा मिळत नाही. हॉलमध्ये किल्ट नसला तरी कुणी बघत नाही. बायकांनी साडी नेसून जायला काहीच हरकत नाही, उलट लोक कौतुकाने येऊन बोलतात, पण नाचायचं असेल तर सहावारी नको, स्ट्रिप द विलोत पदर आणि निऱ्या दोन्ही जातात. नऊवारी नेसता येत असेल तर त्यासारखं काही नाही, काष्टा घट्ट आणि पाय मोकळे. पायात सपाट बूट घाला, टाचांवर दोन नाचसुद्धा होत नाहीत.

कमी काय पडतं, तर जेवण. स्वयंसेवक राबतात, जीव लावून करतात, पण शंभर माणसांचा हॅगिस एका छोट्या किचनमधून येईपर्यंत कोमट होतो. कविता कधी कधी कुणीतरी कागद बघून म्हणतं. ज्येष्ठांना नाच सुरू झाल्यावर आवाज फार होतो. बऱ्याच हॉलना स्वतःचा बार नसतो, बाटली घरून न्यायची असते, ते तिकिटावर लिहिलेलं असतं, आणि नेणार असाल तर संध्याकाळी आठवण आली असं करू नका, इथे दुकानात दारू रात्री दहापर्यंतच मिळते आणि सकाळी दहाच्या आधी मिळत नाही.

गाडीचं तर आत्ताच सांगते कारण इंग्लंडमधून येणारी मंडळी हमखास चुकतात. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे, इंग्लंडमध्ये ८० आहे. तिकडे एक-दोन चालतात म्हणून इकडे घेतले तर लायसन्स जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेवढंच जपा. शेवटची बस कितीची ते बघून ठेवा, किंवा एक जण न पिणारा ठरवा.

घरचं सपर

माझ्या मनात याचा नंबर सगळ्यात वर आहे, पण तुम्ही आधी एकदा कुठेतरी बाहेर बघितलेलं असेल तरच, नाहीतर नुसतं वेगळं जेवण होतं आणि सण होत नाही.

हॅगिस घरी बनवायची गरजच नाही. जानेवारीत प्रत्येक सुपरमार्केटमध्ये आणि खाटकाकडे तयार मिळतो, आधीच शिजलेला असतो, आपण फक्त आतपर्यंत कडकडीत गरम करायचा. फॉइलमध्ये गुंडाळून ट्रेमध्ये थोडं पाणी घालून १८० डिग्रीवर ओव्हनमध्ये, अर्ध्या किलोच्या हॅगिसला साधारण तासभर, बाकी पाकिटावर असतं. भांड्यात खळखळ उकळू नका, कातडी फुटते आणि सगळं पाण्यात जातं. अर्धा किलो दोघातिघांना पोटभर होतो. नीप्स म्हणजे आतून पिवळा असणारा मोठा कंद, इंग्लंडमध्ये त्याला स्वीड म्हणतात, इथे टर्निप किंवा नीप. तो सुरणासारखा टणक असतो, मोठी सुरी घ्या, उकडून लोणी आणि भरपूर मिरपूड घालून कुस्करा. टॅटीज म्हणजे कुस्करलेला बटाटा, दूध आणि लोणी घालून. मला दरवेळी कुणीतरी विचारतं की बटाट्याला फोडणी देऊ का, मी त्या दिवशी देत नाही. हॅगिसमध्येच इतका मसाला असतो की बाजूला साधं, मऊ काहीतरी लागतंच.

आता हॅगिस खायचा का. आत मेंढीचं हृदय, कलेजी, फुप्फुस बारीक करून, ओट्स, कांदा, चरबी, मीठ आणि मिरीचा मसाला घालून पूर्वी मेंढीच्या पोटात भरून शिजवायचे, आता बहुतेक दुसरं वेष्टण असतं. ज्यांनी वजडी किंवा कलेजी आवडीने खाल्लीय त्यांना यात दचकण्यासारखं काहीच नाही, पोत जाडसर खिम्यासारखा, ओट्समुळे थोडा रवाळ, आणि चव चांगलीच मिरमिरीत. पण एक नीट वाचा, आणि हे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. मटण मेंढीचं असलं तरी बाजारातल्या पुष्कळ हॅगिसमध्ये चरबी गाईबैलाची असते आणि वेष्टणही बीफचं असू शकतं. बीफ न खाणाऱ्यांनी लेबल बघायचंच, किंवा खाटकाला विचारायचं, ते न चिडता सांगतात. क्लूटी डम्पलिंग हे फडक्यात पुरचुंडी बांधून उकडलेलं गोड, त्यातही पारंपरिक पद्धतीने हीच चरबी पडते. सूपमध्येही बघा, कॉक-अ-लीकीत कोंबडी असते, कलन स्किंकमध्ये धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा आणि दूध, आणि स्कॉच ब्रॉथ वरून भाज्या-जवाचं दिसलं तरी पाणी बहुधा मटणाचं असतं.

शाकाहारी हॅगिस हा मात्र मनापासून सांगण्यासारखा पर्याय आहे. १९८४ मध्ये एडिनबरात स्कॉटिश पोएट्री लायब्ररी सुरू झाली त्या समारंभासाठी मॅकस्वीन या इथल्याच हॅगिसवाल्यांनी तो पहिल्यांदा केला, म्हणजे त्याचा जन्मही कवितेच्याच निमित्ताने झालाय. ओट्स, राजमा, मसूर, गाजर, मशरूम, बिया, वरून तोच मिरीचा मसाला. माझ्या सासूबाई कट्टर शाकाहारी, जानेवारीत आल्या होत्या, त्यांनी दोनदा मागून घेतला आणि म्हणाल्या, ही तर ओट्सची झणझणीत उसळच आहे. दोन्ही शेजारी ठेवून खाल्लं तर मटणाच्या हॅगिसला जो खोल, लोखंडासारखा स्वाद आहे तो यात नाही, पण मिरी, ओट्स आणि नीप्सचा गोडसरपणा यांची जोडी तीच लागते, आणि कविता दोघांना सारखीच लागू पडते. आम्ही दोन ताटं, दोन सुऱ्या, दोन्ही वाजतगाजत आणतो. बॅगपाइप स्पीकरवर.

गोडाला क्रॅनाकन करा, पाच मिनिटांचं काम, फेटलेलं क्रीम, मध, रासबेरी, कोरडे भाजलेले ओट्स आणि चमचाभर व्हिस्की, मुलांच्या वाट्यांत व्हिस्की घालायची नाही एवढं लक्षात ठेवा कारण ती शिजत नाही. शेवटी टॅबलेटचे तुकडे. साखर, लोणी, कन्डेन्स्ड मिल्क आटवून केलेली रवाळ वडी, आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला न सांगता कळते.

कविता कोण म्हणणार हा घरच्या सपरचा खरा प्रश्न आहे आणि लोक नेमकं तेच सोडून देतात. तसं करू नका. आठ कडवी आहेत, आठ जणांना वाटून द्या, आठवडाभर आधी रेकॉर्डिंग ऐकायला लावा, आणि प्रत्येक कडव्यानंतर एक ओळ मराठीत अर्थ सांगा. गेल्या वर्षी आमच्याकडे तिसरं कडवं शेजारच्या स्कॉटिश काकांनी म्हटलं, सातवं माझ्या मुलीने, ती इथल्या शाळेत शिकलेली असल्याने तिचे उच्चार काकांसारखेच निघाले आणि काकांचे डोळे भरून आले. मग कुणीतरी मालवणीतली कविता म्हटली, कुणी अहिराणीतली. ज्या माणसाने घरच्या बोलीची लाज न बाळगता लिहिलं त्याच्या वाढदिवसाला हे चालतंच, उलट मला वाटतं हेच करायला हवं. हॉटेलात हे होणं शक्य नाही आणि हॉलमध्ये वेळ मिळत नाही.

व्हिस्की कोणती

तिन्ही ठिकाणी हा प्रश्न आहे, पण घरी तुम्हालाच उत्तर द्यावं लागतं. कायद्याने स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली, ४० टक्क्यांच्या खाली नाही. बाटलीवर बारा वर्षं लिहिलं असेल तर त्यातली सगळ्यात तरुण व्हिस्की बारा वर्षांची. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट केलेल्या जवाची. ब्लेंड म्हणजे माल्ट आणि इतर धान्याच्या व्हिस्कीचं मिश्रण, आणि त्यात कमीपणा काही नाही, सोडा-बर्फ घालून पिणाऱ्यांनी ब्लेंडच घ्यावी, चांगल्या माल्टवर सोडा ओतला तर ज्यासाठी पैसे दिले तेच हरवतं.

पहिल्यांदा पिणाऱ्यांसाठी स्पेसाइडची, ग्लेनलिव्हेट, ग्लेनफिडिक, बॅल्व्हेनी यांतली कुठलीही, मधासारखी, फळांच्या वासाची, त्रास देत नाही. दुसऱ्या टोकाला आयला बेट, स्पेलिंग काहीही असो, उच्चार आपल्या ‘आयला!’सारखाच. तिथल्या लॅफ्रॉइग, आर्डबेग, लागावुलिन यांना पीटचा धूर असतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेला शेवाळा-गवताचा थर, तो कापून, वाळवून, गोवरीसारखा जाळतात आणि त्या धुरावर जव वाळवतात. चुलीजवळ बसल्यासारखा वास, शिवाय दवाखान्यातल्या आयोडीनचा. काहींना पहिल्या घोटातच जडतो, काही ग्लास खाली ठेवतात, त्यामुळे बारा पाहुण्यांसाठी एकच बाटली घेणार असाल तर ही घेऊ नका.

हॅगिसबरोबर माझी निवड टॅलिस्कर, स्काय बेटावरची. धूर आहे पण बेताचा, आणि मागे मिरी रेंगाळते, ती हॅगिसच्या मिरीला जाऊन मिळते. चार थेंब पाणी घाला, वास मोकळा होतो. हॅगिसवर व्हिस्की ओतायची पद्धत काही जण पाळतात, मी चमचाभर बाजूला वाढते, ज्याला हवी त्याने घ्यावी.

पैशाचं म्हणाल तर इथे दारूला किमान दराचा कायदा आहे, सप्टेंबर २०२४ पासून युनिटला, म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, ६५ पेन्स, म्हणजे ७० सेंटिलिटरची ४० टक्क्यांची बाटली १८ पाऊंड २० पेन्सच्या खाली कुणी विकूच शकत नाही, दुकानं पालथी घालून उपयोग नाही. यजमान स्कॉटिश असेल तर गोव्याची पॉल जॉन व्हिस्की भेट न्या. आमच्या काकांना ती दिली तेव्हा अर्धा तास आमचं बोलणं उन्हावरच चाललं होतं, इथे पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जाते, गोव्याच्या उष्म्यात त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे तिकडे व्हिस्की लवकर मुरते.

न पिणाऱ्यांना कुणी काही म्हणत नाही, हॉटेलात नाही, हॉलमध्ये नाही. पाण्याच्या ग्लासाने टोस्ट होतो, फक्त ‘स्लांज-अ-वा’, म्हणजे इथलं ‘चीअर्स’, जोरात म्हणायचं. मुलांना आयर्न ब्रू, १९०१ पासूनचं इथलं नारिंगी पेय.

मग ठरवायचं कसं

एकटे असाल, विद्यार्थी असाल, नवीन आला असाल, हॉल, डोळे मिटून. मुलं पाच ते बाराच्या मधली असतील तरी हॉलच, ती नाचून झोपतात. अगदी तान्हं बाळ किंवा गुडघे दुखणारे आईवडील असतील तर घर, फक्त एखादं तरी स्कॉटिश माणूस बोलवा, नाहीतर वाजतगाजत आणलेल्या हॅगिसचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. दोघंच आहात आणि भाषणं ऐकायला आवडतात, हॉटेल. भारतातून आठवडाभरासाठी येताय आणि एकच संध्याकाळ हातात आहे तर मी हॉटेलपेक्षा हॉल सांगेन, मात्र तिकीट महिनाभर आधी काढा आणि लक्षात ठेवा की जानेवारीत इथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आईवडिलांना अंधारात बर्फाळ फुटपाथवरून चालायला लावू नका, टॅक्सी करा.

शेवटी सगळीकडे सारखंच होतं, गोल करून ‘ऑल्ड लँग साइन’. हात सुरुवातीलाच छातीवर आडवे करून शेजाऱ्याला देणारे पुष्कळ दिसतील, पण रीत अशी की आधी नुसते हातात हात, आणि शेवटचं कडवं, ज्यात मित्राला हात पुढे करायचा उल्लेख येतो, ते आलं की मग हात आडवे करायचे. हॉलमधली म्हातारी माणसं हे नीट पाळतात, त्यांच्याकडे बघत राहा.

आणि घरी केलंत तर एक गोष्ट फक्त तुम्हालाच मिळते, उरलेला हॅगिस. ग्लासगोच्या भारतीय रेस्टॉरंटांमध्ये हॅगिस पकोडा कधीचाच मेनूवर आहे, तेच करायचं, गार हॅगिसचे लिंबाएवढे गोळे, डाळीच्या पिठात थोडा ओवा, हिरवी मिरची, आणि कडकडीत तेलात तळायचे. दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी असते, आमच्याकडे सकाळी परेड लावून चहाबरोबर हीच भजी होतात, दोन्ही हॅगिसची, वेगवेगळ्या कढयांत.